हिरव्या डोळ्याचा शेजारी

मित्रांनो, रेडिओला सगळे ओळखतात. तो बोलतो, म्हणून त्याचे नाव होते. पण दिवसभर बोलून दमलेल्या रेडिओच्या बॅटरीला रोज कुशीत घेऊन जो पोटभर वीज पाजतो, त्याची चौकशी कुणी करत नाही. तो मी. मी एक जुना चार्जर आहे. हातात मावणाऱ्या रेडिओचा, म्हणजे तुम्ही ज्याला वॉकीटॉकी म्हणता त्याचा.

चार्जरने जळू नये असे म्हणतात, घराला धोका असतो. मी मात्र कित्येक महिने आतल्या आत जळलो. बाहेरून माझा दिवा नेहमीसारखाच लाल दिसत होता, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

माझे अंग काळ्या प्लॅस्टिकचे. एका कारखान्यात मी साच्यातून निघालो, तेव्हा कुणीतरी माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे भेंडोळे बसवले, दोन पितळी जिभा लावल्या आणि कपाळावर दिवा टेकवला. झाले. डोके म्हणून काही मला दिलेच नाही. वीज आत आली की ती पुढे द्यायची, एवढेच मला येते. समोरची बॅटरी अर्धी आहे की तुडुंब, हे मला कळत नाही. कुणी उचलून घेईपर्यंत मी देतच राहतो. त्या काळच्या बॅटऱ्या निकेलच्या, विटेसारख्या जड आणि फार सोशिक. थोडे जास्त झाले तरी अंग गरम करून घेत आणि निभावून नेत. मला घडवले होते ते त्यांच्यासाठीच. आमचे छान जमत असे.

मला आणि दोन रेडिओंना एकाच खोक्यातून विकत आणले ते दोनात सुरेट नावाच्या कोळ्याने. नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण टोकाला, फ्रेंच बोलणाऱ्या कोळ्यांच्या गावात, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचे घर. एक रेडिओ होडीवर, एक स्वयंपाकघरात आणि मी खिडकीखालच्या फळीवर, ही मांडणी त्यानेच केली. होडीवरचा रेडिओ त्याच्या मेणकापडी डगल्याच्या खिशात असे. घरातल्या रेडिओजवळ त्याची मुलगी एल्डा.

दोनात गेला, त्याची बायको गेली, आणि होडीवर त्याचा मुलगा आन्सेल्म जाऊ लागला. एल्डा त्याची थोरली बहीण. मासळीच्या कारखान्यात ती कॉड माशाचे काटे काढायचे काम करी. तिचा हात इतका साफ, की पातळ सुरीखाली मासा आपणहून उलगडतो की काय असे वाटावे. तिला मागणी आली नव्हती असे नाही. पण "आन्सेल्मकडे कोण बघणार?" एवढे एक वाक्य बोलून ती विषय मिटवत असे. गावात गमतीने म्हणत, "दोनातच्या एल्डाचा संसार केवढा? एक भाऊ आणि एक रेडिओ."

त्या म्हणण्यात मी नव्हतो. पण एल्डाला मी माहीत होतो. भाऊ घरी आला की ती त्याच्या रेडिओची बॅटरी काढी, स्वयंपाकघरातल्याची काढी, कोणती आधी भुकेली आहे ते बघी आणि माझ्या मांडीवर देई. माझ्या जिभांवर खारट हवेचा हिरवा थर बसला, तर खोडरबराने घासून काढी. पहाटे होडी धक्क्यावरून सुटली की खरखर होई आणि आवाज येई, "एल्डा, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. बोल."

"पूर्वेचा वारा आहे. शेवंडी आज हसत पिंजऱ्यात येणार."

"हसत येवोत नाहीतर रडत. तू डबा विसरलायस."

एकदा हिवाळ्यात वादळ झाले. होडीच्या केबिनवरची उंच तार मोडून पडली आणि होडीतच पक्का बसवलेला मोठा रेडिओ मुका झाला. त्या दिवशी खिशातल्या रेडिओवर एल्डाचा आवाज धरून आन्सेल्म घरी पोचला. दारातच बूट काढता काढता तो म्हणाला, "लोक म्हणतील रेडिओने वाचवलं. पण रेडिओला खायला कुणी घातलं?"

एल्डा हसून म्हणाली, "मी."

"तू आणि तो म्हातारा," फळीकडे हनुवटी करून तो म्हणाला. मित्रांनो, माझी जाहीर स्तुती झाली ती तेवढीच. अजून ती मी पुरवून पुरवून वापरतो.

मग पन्नाशी उलटल्यावर आन्सेल्मने लग्न केले.

कोरीन किनाऱ्यावरच्या पलीकडच्या गावातली. विधवा. तिचा पहिला नवराही कोळीच होता आणि तो समुद्रातून परत आला नव्हता, एवढे सगळ्यांना माहीत होते. त्याहून जास्त ती कुणाला सांगत नसे. बोटीच्या तिकीटखिडकीवर काम केलेली, त्यामुळे बोलणे मोजके आणि आवाज स्पष्ट. लग्नात तिने नवऱ्याला घड्याळ दिले नाही, अंगठीपलीकडे सोन्यानाण्याचे काही दिले नाही. एक नवा रेडिओ दिला. सोबत साबणाच्या वडीसारखी हलकी बॅटरी, आणि तिचा चार्जर.

तो माझ्या शेजारी फळीवर बसला. अंगाने माझ्या निम्मा. लखलखीत. वीज देताना त्याचा दिवा लाल असे आणि बॅटरीचे पोट भरले की टचकन हिरवा होई. पहिल्यांदा तो हिरवा झाला तेव्हा मला वाटले बिघडला, आणि मला फार बरे वाटले. पण तो बिघडला नव्हता.

"बघ, एल्डा!" आन्सेल्म म्हणाला. "चहा घ्यायला बसलो, गप्पा मारून उठतोय तोवर भरलीसुद्धा. तुझा म्हातारा अजून कालच्याच घासावर आहे."

"घाईत भरलेलं घाईत ओततं," एल्डा म्हणाली.

"तसं नसतं हो, एल्डा," कोरीन मऊपणे म्हणाली. लग्नानंतर कित्येक महिने ती नणंदेला अहोजाहोच करत असे. "ह्याच्यात अक्कल घातलेली असते. पुरे झालं की आपणच थांबतो."

"अक्कल! आमच्या घरात आजवर अक्कल माणसांना असायची. डबड्यांना लागत नव्हती."

आन्सेल्म खो खो हसला. कोरीनही हसली. एल्डा हसली नाही. मला मात्र त्या 'आमच्या'त आपण आहोत असे वाटले आणि मी उगीच ताठ झालो.

नव्याची नवलाई नऊ दिवस, असे मी स्वतःला समजावत होतो. नऊ दिवस गेले, थंडी गेली, तरी नवलाई गेली नाही. जो येई तो हिरव्या डोळ्याकडे बघे. शेजारचा तेओतीम मीठ मागायला आला आणि त्याच्यापुढे कौतुकाने उभा राहिला. आपली टोपी मात्र त्याने माझ्यावर ठेवली. मित्रांनो, चालू चार्जरवर कधी टोपी ठेवू नये. मी गुदमरलो. त्याहून अपमानाने गुदमरलो.

एल्डाचे दुखणे वेगळ्या जागी होते. शेवंडीच्या हंगामात पहाटेची खरखर झाली आणि आवाज आला, "कोरीन, ऐकतेस ना?"

एल्डा चुलीशी होती. तिचा हात रेडिओकडे अर्ध्यात गेला आणि तिथेच थांबला. कोरीनने रेडिओ उचलला. "ऐकतेय."

त्या दिवसापासून रोज तेच. आणि गंमत बघा, घरातला रेडिओ तोच जुना होता, त्याची बॅटरी तीच निकेलची, आणि ती भरणारा मी. माझी वीज खाऊन तो रेडिओ कोरीनशी गोड बोलत होता. एल्डा बॅटरी आणून माझ्यावर ठेवी तेव्हा पूर्वी अलगद ठेवी. आता आपटे.

एके दिवशी कोरीनने दोन्ही बॅटऱ्या हातात घेऊन शेजारी शेजारी धरल्या. कंपनी एकच, त्यामुळे अंगाचा आकार सारखा, खाचा सारख्या. नवी माझ्यातही फिट्ट बसेल हे दिसतच होते. ती म्हणाली, "दिसायला जुळ्या बहिणी आहेत. पण माझी बॅटरी तुमच्या चार्जरला लावू नका हं, एल्डा. ती लिथियमची. तिची जातकुळी वेगळी."

"कळलं," एल्डा म्हणाली. "वेगळं ते वेगळंच."

सांगणे बरोबर होते. पण 'माझी' आणि 'तुमचा' हे शब्द एल्डाला काट्यासारखे लागले, आणि सांगणाऱ्या माणसाचा राग आला की सांगितलेली गोष्ट कानातून खाली उतरत नाही.

उन्हाळा आला. शेवंडीचा हंगाम संपला, मोठी होडी काठावर आली, आणि आन्सेल्म छोटी मोटारहोडी घेऊन एकटाच तिसऱ्या, म्हणजे वाळूत पुरलेले शिंपले, खणायला जाऊ लागला. बेटाच्या मागे वाळूचा लांब दांडा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो. भरतीला त्याचा मागमूस राहत नाही. त्या छोट्या होडीवर मोठा रेडिओ नाही. जे काय ते खिशातल्यावर.

एका शनिवारी कोरीन तिच्या बहिणीकडे मुक्कामाला गेली. संध्याकाळी आन्सेल्म चिखलाने माखून आला, रेडिओ टेबलावर टाकला आणि पूर्वीसारखा सहज म्हणाला, "एल्डा, बॅटरी लावतेस? उद्या लवकर ओहोटी आहे."

कित्येक महिन्यांनी त्याने हे काम तिला सांगितले होते. ती बॅटरी घेऊन फळीपाशी आली. हिरव्या डोळ्याकडे बघितले. माझ्याकडे बघितले.

"इतकी वर्षं ह्यानंच भागलं ना?" ती कुणालाच उद्देशून बोलली नाही. आणि तिने ती नवी बॅटरी माझ्या मांडीवर ठेवली.

मित्रांनो, मला काय वाटले कसे सांगू! माझा दिवा लागला. शेजाऱ्याची लाडकी माझ्या कुशीत होती आणि शेजारी रिकाम्या मांडीने बघत होता. मी तिला जीव तोडून वीज देऊ लागलो. दाखवून देईन म्हटले. थोड्या वेळाने ती तापू लागली. निकेलची बॅटरी तापते ती उन्हात झोपलेल्या मांजरासारखी. ही तव्यासारखी तापू लागली. तिचे पोट केव्हाच भरले असणार, पण तिला सांगता येईना आणि मला थांबता येईना. एल्डा आपल्या खोलीत निजायला गेली होती.

सकाळी तिने बॅटरी उचलली आणि झटकन दुसऱ्या हातात घेतली. एका बाजूने ती फुगली होती. थोडीशीच, भाकरीला पापुद्रा सुटावा तशी. एल्डाने त्या फुगवट्यावरून अंगठा फिरवला. आन्सेल्म दारात बूट चढवत होता. त्या वेळी तिने एक शब्द बोलायचा होता. पण तो शब्द म्हणजे कोरीनचे खरे, असे कबूल करणे होते. तिने बॅटरी रेडिओत बसवली, बसेना म्हणून तळहाताने दाबली. रेडिओ लागला. पडद्यावरच्या रेघा भरलेल्या दिसल्या.

"झाली?" आन्सेल्मने विचारले.

"झाली की," ती म्हणाली.

तो गेला, आणि थोड्याच वेळात समुद्रावरून धुके आले. आमच्याकडचे धुके चोरपावलांनी येत नाही, भिंतीसारखे येते. आधी बेट गेले, मग धक्का गेला, मग खिडकीबाहेरचे कुंपण.

कोरीन परत आली तेव्हा एल्डा रापूरसाठी, म्हणजे आमच्याकडच्या भट्टीत भाजायच्या पदार्थासाठी, बटाटे किसत होती. कोरीनने रेडिओ उचलला. "आन्सेल्म, ऐकतोस ना?"

नुसती खरखर.

"खणताना खिशातून काढून बादलीवर ठेवत असेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि चहा ओतला. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही. "बॅटरी काल भरली होती ना हो?"

"हो."

"मग काळजी नाही. ती दोन दिवस चालते."

एल्डा किसत राहिली. किसणीवर बटाट्याऐवजी बोट आले, बटाट्याच्या पांढऱ्या लगद्यात लाल थेंब पडला, तरी ती किसतच होती. ओहोटी संपून पाणी परतायला लागले होते. हे तिला घड्याळ न बघता कळते, गावात सगळ्यांनाच कळते. आणि त्या स्वयंपाकघरात खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती, एल्डाला आणि मला. मला बोलता येत नाही. पण येत असते तरी मी बोललो असतो का? मनातून मी तिला म्हणत होतो, नको सांगूस, शेजारी जिंकेल. जळणारा किती हलका होतो ते बघा. एक माणूस धुक्यात होता आणि मला हिरव्या दिव्याची पडली होती.

एल्डा माझ्यापेक्षा मोठी निघाली. तिने किसणी खाली ठेवली.

"कोरीन. काल ती बॅटरी मी ह्याच्यात लावली होती."

"कशात?"

"ह्या जुन्यात. रात्रभर. सकाळी फुगली होती. बसत नव्हती, तर मी दाबून बसवली."

कोरीनने हातातला कप असा ठेवला की चहा टेबलभर झाला.

"मी सांगितलं होतं तुम्हाला! हात जोडून सांगायचं बाकी ठेवलं होतं!"

"सांगितलं होतंस."

"माझ्या पहिल्या नवऱ्याचा रेडिओ त्याच्या खिशातच सापडला, माहीत आहे? चांगला होता. बॅटरी मेलेली होती. कुणाचातरी चार्जर बसतो म्हणून आम्ही वापरत होतो, ती कधी नीट भरलीच नाही. म्हणून आणला मी हा. तुमच्या नाकावर टिच्चून ठेवायला नव्हता आणला, एल्डा!"

एल्डाचा चेहरा बटाट्याच्या लगद्यासारखा झाला. पण ती रडत बसली नाही. तिने खुंटीवरचा डगला ओढला. "तू तटरक्षक दलाला फोन कर. मी तेओतीमच्या होडीवर जाते. त्याला दांड्यातल्या वाटा येत नाहीत, मला येतात. बाबांनी नेलंय मला तिथं."

घरातला रेडिओ बॅटरीसकट माझ्यात बसवलेला होता; कोरीनने तो उचलला तशी एल्डा दारातून मागे फिरली. "तो काढू नकोस तिथून! त्याची बॅटरी म्हातारी झालीय, बोलता बोलता मान टाकेल. ह्याच्या मांडीवरच राहू दे, म्हणजे तग धरेल. तू वाकून बोल."

अशा रीतीने, मित्रांनो, कोरीन पहिल्यांदा माझ्याजवळ आली. फोन करून झाल्यावर तिने खुर्ची ओढली आणि ती फळीशी वाकून बसली, इतकी जवळ, की तिचा श्वास माझ्या दिव्यावर धुरकट उमटत होता. रेडिओ माझ्या कुशीत होता. जितकी वीज त्याला ऐकायला लागत होती, जवळपास तितकीच मी देऊ शकत होतो. शेजाऱ्याला त्या दिवशी काही काम नव्हते. त्याचा आनंद मात्र मला झाला नाही.

बऱ्याच वेळाने खरखर झाली. तेओतीमच्या होडीवरून एल्डाचा आवाज आला. "कोरीन, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. बोल, एल्डा." त्या घाईत तिचे अहोजाहो गळून पडले ते कायमचे.

"हात पुढं केला तर हात दिसत नाही. दांड्याच्या टोकाला आलोय. मोटार बंद करून कान लावतोय."

"पाणी?"

"चढतंय."

कोरीन मोठ्याने प्रार्थना म्हणत नव्हती, नुसते ओठ हलत होते. ती माझ्या कडेवर बोट घासत होती, पुढेमागे, पुढेमागे, जशी माणसे माळेचा मणी धरतात. मला वाटले, हिला एक शब्द तरी देता आला असता! मला फक्त वीज देता येते. ती मी देत होतो.

"कोरीन!" आवाज इतका मोठा आला की रेडिओ माझ्या मांडीवर थरथरला. "सापडला! खडकावर चढून बसला होता. बादली बडवत होता दाताळ्यानं, त्या आवाजावर गेलो. तुझा नवरा कमरेपर्यंत भिजलाय, काकडलाय, पण शिव्या घालतोय म्हणजे ठीक आहे."

कोरीनने बटण दाबले, सोडले, पुन्हा दाबले.

"ऐकतेस ना?" एल्डाने विचारले.

"ऐकतेय," ती म्हणाली. "घेऊन ये."

झाले होते असे. पाणी चढले तशी होडी नांगर ओढत धुक्यात निघून गेली होती. आन्सेल्मने रेडिओ काढला, एक हाक मारली, आणि अर्ध्या हाकेतच रेडिओ गप्प झाला. पोट फुटेपर्यंत खायला घातलेली ती बॅटरी आतून संपली होती.

घरी आल्यावर कोरीनने आधी नवऱ्याला घोंगडीत गुंडाळले आणि मग ती फुगलेली बॅटरी रेडिओतून काढून, पत्र्याच्या बादलीत वाळूखाली ठेवून, घरापासून लांब अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. असल्या बॅटरीचा भडका उडू शकतो, म्हणून. नंतर ती जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे देऊन आली.

रापूर भट्टीतून निघाले. काकवीची बाटली फिरली. एल्डाने घास न घेता भावाला सगळे सांगितले. कोरीनने तिला अडवले नाही, सावरूनही घेतले नाही.

आन्सेल्मने चमचा ताटात ठेवला. मग तो म्हणाला, "मी तुला हाक मारायची सोडली, होय ना?"

"खा आता," एल्डा म्हणाली. "थंड होतंय."

"विचारतोय ना मी."

"सोडलीस," ती म्हणाली. "पण म्हणून मी तुला दांड्यावर बुडवायचं नव्हतं. खा."

पुढच्या आठवड्यात नणंद-भावजय दोघी मिळून बंदरावरच्या दुकानात गेल्या. तिथून आल्यावर एल्डा तेओतीमला सगळे सांगत होती, त्यामुळे मलाही कळले. दुकानदाराने आधी विचारले, रेडिओ कोणता. मग विचारले, बॅटरी निकेलची की लिथियमची, तिच्या पाठीवर किती व्होल्ट लिहिलेत, आणि त्याच बॅटरीचे नाव चार्जरच्या पाठीवर आहे का. नुसता बसतो म्हणून घेऊ नका, तो म्हणाला. एल्डाने माझ्यासाठीही चौकशी केली. माझ्यासारख्यांना लागणारी निकेलची बॅटरी आता येत नाही, असे उत्तर मिळाले.

कोरीनने एल्डासाठी नवा रेडिओ घेतला आणि दोन्ही नव्या बॅटऱ्यांना बसेल असा दोन खणांचा चार्जर. तो फळीवर आला तेव्हा जुना हिरव्या डोळ्याचा शेजारी सरकून माझ्याशेजारी भिंतीला टेकला. तोही आता नंबर दोन झाला होता. मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. थोडे बरेच वाटले, खोटे कशाला बोलू?

पहाटेची हाक आता अशी येते, "ए, कोण आहे तिकडं?" आणि जी जवळ असेल ती रेडिओ उचलते. कधी दोघी एकदम बोलतात आणि आन्सेल्म ओरडतो, "एकेक जण बोला, बायांनो, समुद्रालाही ऐकायचंय."

थंडी पडू लागली तेव्हा माझी शेवटची निकेलची बॅटरीही गेली. त्या दिवशी एल्डाने माझा प्लग भिंतीतून काढला आणि मासे सोलायची पातळ सुरी घेतली.

"अगं, असू दे ना," कोरीन म्हणाली. "तुझ्या बाबांनी आणलेला. आठवण आहे."

"आठवणीला वीज कशाला लागते?" एल्डा म्हणाली. "ह्यात कुठलीही बॅटरी बसते, कोरीन. उद्या आपल्यापैकी कुणीतरी घाईत असेल, नाहीतर रागात असेल. तेव्हा हा नाही म्हणू शकत नाही."

आणि तिने माझी वायर मुळापाशी कापली.

तेव्हापासून मी फळीवर नुसता बसून आहे. शेजारी लाल होतात, हिरवे होतात. 'पुरे' म्हणता येण्याचे ते शहाणपण माझ्या पोटात कुणी घातले नाही, आणि त्याचा हेवा मला आजही वाटतो. तो जाणार नाही.

पण तुम्ही एवढे करा, मित्रांनो. बॅटरी खाचेत बसली म्हणजे जुळली, असे समजू नका. दोघांच्या पाठी उलटून वाचा. तापली तर काढा, फुगली तर वापरू नका, लपवू तर मुळीच नका. आणि तुमच्या घरातला एखादा म्हातारा चार्जर निकामी झाला, तर त्याचा प्लग काढून त्याची वायर कापायला कचरू नका. आम्हाला दुखते, हे खरे आहे. पण त्यात अपमान नसतो. वायर कापताना एल्डाचा दुसरा हात माझ्यावर होता, आणि सुरी खाली ठेवल्यानंतरही तो तिने बराच वेळ उचलला नव्हता.